नीलमाची खोटी साक्ष

भिंगोबांना दोनच गोष्टी चालत नसत, फिका चहा आणि नीलम. चहाचं कारण उघड होतं. नीलमाचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि जे कोणालाच ठाऊक नसतं त्यावर बोलायला सगळ्यांनाच वेळ असतो.

भिंगोबांचा धंदा दागिन्यांत खडे बसवण्याचा. उजव्या डोळ्यात भिंग अडकवून चाळीस वर्षं गेली, त्यामुळे ती भुवई कायमची वर चढून बसलेली. तुम्ही त्यांना म्हणालात, "आज हवा बरी आहे," तरी ते तुमच्याकडे असे बघणार, की तुम्ही हवा कुठून चोरून आणलीत. हात मात्र सोन्याचे. या हातांतून एकही खडा दुखावून गेला नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. होतं म्हणायचं, कारण बावीस वर्षांपूर्वी ते एकदम बंद झालं. त्याच आठवड्यात नीलमाचं कामही बंद झालं. या दोन गोष्टींची गाठ कोणीही घातली नाही. लोक तोंडानं हुशार असतात, डोक्यानं नसतात.

कोणी निळा खडा घेऊन आला, की भिंगोबा मान खाली घालून म्हणत, "पलीकडच्या गल्लीत जा. माझ्याकडे होत नाही."

समोरचा कुलूपवाला सांगे, की त्यांना नीलम नडतो, ग्रहांचं काहीतरी आहे. इस्त्रीवाली म्हणे, काही नाही हो, पहिलं प्रेम निळ्या कपड्यात गेलेलं दिसतंय. आणि भिंगोबांची बायको दर दोन-चार महिन्यांनी पोळ्या लाटता लाटता विचारी, "ही नीलम कोण, ते एकदा सांगून टाका. मी काही करणार नाही, नुसती भेटून येईन."

भिंगोबा हसत. हसताना त्यांचे डोळे वर, छताकडे जात. छतावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, शिवणयंत्र चालत असे. टकटकटकटक, मग थांबणं, मग पुन्हा टकटक. ती शिवणताई. दिवसभर तिचा पाय यंत्राच्या पायडलवर आणि तिचा पाय जणू भिंगोबांच्या डोक्यावर. ती थांबली की भिंगोबांना वाटे, आता उठेल, जिना उतरेल आणि विचारेल. पण ती फक्त दोरा ओवत असायची.

हे सगळं ज्या दिवशी सुरू झालं, त्या दिवसापर्यंत नीलमाबद्दल भिंगोबांइतकं रंगवून सांगणारा माणूस बाजारात नव्हता. त्यांच्या पाटाजवळ एक तीन पायांचं स्टूल होतं. त्यावर जो बसे, त्याला कामाबरोबर गोष्ट फुकट.

"अहो, जुन्या काळी एका देशात लोक मानायचे, की सगळी पृथ्वीच एका भल्यामोठ्या नीलमावर टेकलेली आहे," ते चिमट्यानं खडा फिरवत सांगत. "आणि आभाळ निळं का? तर त्या नीलमाची झाक वर पडते म्हणून. आता बोला! राजे गळ्यात घालायचे, विष आणि मत्सर दोन्ही उतरतात म्हणून. धर्मगुरू बोटात घालायचे, डोकं थंड राहावं म्हणून. डोळे आले तर नीलम पाण्यात बुडवून त्या पाण्यानं डोळे धुवायचे. आणि एका बर्फाळ डोंगरात दरड कोसळली, तेव्हा निळे दगड उघडे पडले, तर गावकऱ्यांनी म्हणे ते मिठाच्या बदल्यात देऊन टाकले. मिठाच्या! घरी आमटी खारट झाली की मला तीच गोष्ट आठवते."

स्टुलावरचं माणूस हसलं, की भिंगोबांना आणखी चेव यायचा.

"माणिक आणि नीलम सख्खी भावंडं बरं का. दगड तोच, एकाचा चेहरा लाल, दुसऱ्याचा निळा. कठीण इतका, की हिरा सोडला तर त्याला ओरखडा काढणारं कोणी नाही. पण खरी गंमत वेगळीच. हा खडा इमानाचा. लग्नाच्या अंगठीत का घालतात? बोटात घालणाऱ्या माणसानं विश्वास मोडला, तर नीलम तेज टाकतो, असं शेकडो वर्षं मानत आलेत. लढाईवर जाणारा नवरा बायकोच्या बोटात नीलम घालून जायचा. परत आला की आधी खडा बघायचा, मग बायको."

"आणि बायकोनं नवऱ्याचा कुठे बघायचा?" एकदा शिवणताईनंच विचारलं होतं.

"ताई, नवऱ्यांना नीलम घालत नाहीत. दगड कमी पडतील."

ती खळखळून हसली होती. तेव्हा ती हसायची तशी. शिवणताई भिंगोबांना भाऊ म्हणत असे, त्यांच्या बायकोला वहिनी. नवरा मोजणीदार, जमिनी मोजत महिन्यातले वीस दिवस बाहेर. पदरात एक वर्षाची मुलगी, जिला सगळी गल्ली चिमणी म्हणे. ताईच्या हाताला कापडाची अशी जाण, की कापड अंगावर टाकून नुसती नजर फिरवली की कात्री सरळ चालवायची, खडूची रेघ नाही. आणि बोटात सासूची अंगठी, मधोमध चार सोन्याच्या नख्यांनी धरलेला वाटाण्याएवढा नीलम. संध्याकाळच्या आभाळात दिवा लावल्यासारखा.

बाळंतपणानंतर तिची बोटं सुजली आणि अंगठी घट्ट झाली. एका दुपारी ती बोट साबणानं घासत घासत खाली आली.

"भाऊ, ही मोठी करून द्या. पण चारच्या आत हं."

"अगं ताई, चारच्या आत काय? कुठे वरातीला निघालीस?"

"मावसबहिणीकडे जायचंय, उद्या सकाळी. चारनंतर मला खाली यायला फुरसत नाही. रिकाम्या बोटानं कशी जाऊ?"

काम तसं पोरखेळ. अंगठीचं कडं मागून कापायचं, सोन्याचा तुकडा घालायचा, सांधा ज्योतीवर झाळायचा. फक्त एक नियम. झाळण्याआधी खडा काढायचा. नख्या उचला, खडा बाहेर ठेवा, झाळा, पुन्हा बसवा, नख्या दाबा. दीड तास जातो. हिऱ्याचं तसं नसतं. हिऱ्यावर टाकणखाराचा लेप दिला, की तो आत असतानाच ज्योत देता येते, लेप त्याला सांभाळतो. भिंगोबांनी तो सगळा आठवडा हिऱ्यांच्या एका मोठ्या हारावर काढला होता. हाताला लेपाची सवय लागली होती. घड्याळात सव्वातीन. त्यांनी अंगठी कापली, तुकडा घातला, ब्रश टाकणखारात बुडवला आणि नीलमावरून फिरवला, तसा, जसा आपण चावी खिशात आहे का बघतो, विचार न करता. मग फुंकणी तोंडाला लावली.

नीलमाला आगीचं भय नसतं. उलट भट्टीत घालून त्याचा रंग खुलवतात, फार पूर्वीपासून. पण टाकणखार आणि आग एकत्र आली, की ती त्याची कातडी खाते. जे हिऱ्याला औषध तेच नीलमाला विष. हे भिंगोबांना आज नव्यानं कळलं असं नाही. विशीत असताना उस्तादानं कान पिळून शिकवलेलं होतं. कान विसरला.

अंगठी धुतली आणि भिंगातून बघितली. त्या निळ्या तोंडावर कोणी श्वास सोडून गेल्यासारखं झालं होतं. पुसलं. श्वास जाईना. कापडानं, मग चामड्यानं, मग दाढीच्या ब्रशनं. वरचा चकचकीत पृष्ठभाग बारीक बारीक खाल्ला गेला होता. पुसण्यासारखं काही नव्हतंच तिथे.

उपाय होता. पैलूवाल्याकडे न्यायचा, तो चाकावर एक पातळ थर घासून काढणार, तेज परत. एका सकाळचं काम. पण पैलूवाल्याकडे जायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि पैलूवाल्याच्या दुकानात गेलेली बातमी संध्याकाळपर्यंत बाजारभर जाणार, हे भिंगोबांना पक्कं ठाऊक होतं. कारण इतरांच्या बातम्या ते स्वतः तिथूनच आणत. एकही खडा दुखावला नाही म्हणणारा माणूस! लोक त्याच्या नावानं टाकणखार विकायला लागले असते.

चार वाजता शिवणताई आली. अंगठी बोटात सरकवली आणि थांबली.

"भाऊ, हा असा का दिसतोय?"

इथे भिंगोबांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. चार शब्दांचं. ताई, माझ्या हातून बिघडला. त्याऐवजी त्यांच्या जिभेनं, जी स्टुलावरच्या माणसाला हसवायला चटावली होती, दुसरंच वाक्य काढलं.

"मी काय सांगितलं होतं तुला? नीलम आहे तो. घरात कोणी खोटं वागलं की तेज टाकतो. बघ बाई, तुमच्या घरात कोण काय करतंय ते!"

आणि वर डोळा मिचकावला.

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. हसली असती, तर ते दोन दिवसांनी हळूच म्हणाले असते, दे ती अंगठी, नीट करून आणतो. पण ताई हसली नाही. तिनं खड्याकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं, अंगठी बोटातून काढली, मुठीत धरली आणि जिना चढून गेली. त्या दिवशी वरचं यंत्र चाललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मावसबहिणीकडेही गेली नाही. ती अंगठी तिच्या बोटात पुन्हा कोणाला दिसली नाही.

बास. एवढंच. आता यात गळफास लावून घेण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण भिंगोबांनी पुढचं सगळं स्वतःच्या मनानं जोडलं. चारेक महिन्यांत मोजणीदारानं फिरतीचं काम सोडून कचेरीत खुर्ची घेतली. ज्या माणसाला आठ दिवस छपराखाली झोपलं तर खोकला येई, तो खिडकीपाशी बसून शिक्के मारायला लागला. वरून पूर्वी गप्पांचा आवाज येई, तो कमी झाला. भिंगोबांनी मनाशी पक्कं धरलं. ताईनं नवऱ्यावर संशय घेतला. त्याला विचारलं असणार. तो बिचारा निष्पाप, त्यानं बायकोच्या समाधानासाठी रानोमाळ फिरणं सोडलं. एका चेष्टेनं दोन माणसांच्या मध्ये मी पाचर मारली.

सांगायला ते जिन्याच्या पायऱ्या किती वेळा चढले असतील! अर्ध्यात पोचले की वरून ताई विचारी, "भाऊ, काही हवंय का?" आणि भिंगोबा म्हणत, "सुई आहे का एक?" बायकोनं एकदा डबा उघडला तर त्यात एकोणतीस सुया. "अहो, तुम्ही खडे बसवता की गोधड्या शिवता?"

सांगणं जमेना, म्हणून चांगुलपणा सुरू झाला. ताईच्या कुडीतला मोती पडला, भिंगोबा तयार. साखळीचा फासा तुटला, भिंगोबा तयार. चिमणीचे कान टोचले तेव्हा त्यांनी तिच्यासाठी मोहरीएवढे मोती बसवलेली कानातली स्वतः घडवली. ताई सगळ्यांना सांगे, "सख्खा भाऊ असता तरी इतकं केलं नसतं." हे वाक्य भिंगोबांना उकळत्या तेलासारखं लागे. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. कौतुक खाऊन नाही होत.

असं करता करता चिमणी तेवीस वर्षांची झाली, तिचं लग्न ठरलं, आणि ज्याची बावीस वर्षं वाट बघितली होती तो जिना एका सकाळी खरंच वाजला.

शिवणताईनं स्टुलावर बसून हातरुमालाची गाठ सोडली. आत ती अंगठी. सोनं काळवंडलेलं, खडा तसाच, कोणी श्वास सोडल्यासारखा.

"भाऊ, तुम्ही नीलमाचं काम करत नाही, माहीत आहे मला. पण हे करावं लागेल. चिमणीला आजीची अंगठी हवी आहे. हा खडा काढा आणि दुसरं काहीतरी बसवा. लाल, हिरवं, काचेचं पण चालेल."

"आणि हा?"

"नदीत टाका. मला परत नको. पोरीच्या बोटात मी ही साक्ष घालणार नाही."

भिंगोबांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. "बघतो," ते म्हणाले. "शनिवारी ये."

ताई गेली आणि तासाभरात चिमणी धाडधाड जिना उतरून आली. ही पोरगी चालत कधी येतच नाही.

"मामा, खरं सांगा. आई म्हणते, हा खडा खोटं बोलणाऱ्याला ओळखतो. असं असतं?"

"असं... मानतात लोक. पूर्वीपासून."

"मानतात ते जाऊ दे. तुम्ही इतके खडे बघितलेत. असतं का?"

भिंगोबांनी भिंग डोळ्याला लावलं. डोळ्यात भिंग असलं की माणसाकडे बघावं लागत नाही.

"मला तोच हवाय," चिमणी म्हणाली. "आजीच्या फोटोत इतका सुंदर दिसतो! काल हट्ट धरला तर आई रडायला लागली. म्हणाली, तो खडा माझ्याकडे बघतो. आईला रडताना मी कधी बघितलं नव्हतं, मामा. बाबा तर घाबरून चहाच करत बसले. तीन वेळा."

"तू जा," भिंगोबा म्हणाले. "मी बघतो."

'माझ्याकडे बघतो' या शब्दांचा अर्थ त्यांना तेव्हा लागायला हवा होता. पण माणूस एकदा स्वतःला गुन्हेगार ठरवून बसला, की त्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही.

शुक्रवारी त्यांनी सावकाश नख्या उचलल्या, जो वेळ बावीस वर्षांपूर्वी द्यायचा होता तो देऊन खडा काढला, आणि पैलूवाल्याकडे गेले. पैलूवाला आता म्हातारा, कानानं अधू, जिभेनं नाही. त्यानं खडा उजेडात धरला आणि दुकानभर ऐकू जाईल असा ओरडला.

"टाकणखार! कुठल्या गाढवानं भाजला हा?"

"होता एक आमच्याकडे," भिंगोबा म्हणाले.

"मेला का?"

"नाही. आहे अजून."

"मग त्याला सांग, कोळशाचा धंदा कर म्हणावं!"

चाक फिरायला लागलं. भिंगोबा बाकावर बसून राहिले. घरघर आवाज आणि निळसर गाळ. जेवणाच्या वेळेपर्यंत काम झालं. पैलूवाल्यानं खडा तळहातावर टाकला आणि भिंगोबांना डोळे मिटावेसे वाटले. आभाळात दिवा पुन्हा लागला होता. इतक्या सहज लागला होता, की त्यापेक्षा तो पैलूवाल्याच्या हातून फुटला असता तर बरं, असं त्यांना क्षणभर वाटलं.

घरी येऊन त्यांनी खडा पुन्हा अंगठीत बसवला. हात चालत होते आणि मागे डोकं चालत होतं. आता खरं सांगायचं कशाला? तेज आलेलं आहे. नुसतं म्हणायचं, ताई, बघ, खड्यानं माफ केलं. ती खूश, चिमणी खूश, मोजणीदाराच्या कपाळावरचा डाग पुसला जाईल. सगळ्यांचंच भलं. आणि भिंगोबांचंही, हे काही सांगायला नको. वाक्य इतकं गुळगुळीत होतं, की त्यांनी ते दोनदा पुटपुटून बघितलं.

"कोणाशी बोलताय?" बायकोनं आतून विचारलं.

"खड्याशी."

"काय म्हणतोय?"

"अजून काही नाही."

शनिवारी ताई आली तेव्हा बायको दारातच वाटाणे सोलत बसली होती. ताईनं स्टूल ओढलं. भिंगोबांनी अंगठी पुढे ठेवली. निळा उजेड तिच्या बोटांवर पडला. ताईचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"हा तोच?"

"तोच," भिंगोबा म्हणाले. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. "ताई, खड्यानं..."

"म्हणजे सुटले मी?" ताई म्हणाली.

भिंगोबांचं तोंड उघडं राहिलं. "तू? तू कशातून सुटलीस?"

ताईनं एकदा वहिनीकडे बघितलं, मग ठरवल्यासारखी बोलली. "आता लपवून काय करू? त्या दिवशी मी मावसबहिणीकडे जाणार नव्हतेच, भाऊ. मोठ्या शहरातल्या नाटकगृहात कपडे बेतायला माणूस हवं होतं. राजाराण्यांचे अंगरखे, झगे, सगळं. मी गुपचूप कापून पाठवलेला नमुना त्यांना आवडला होता. दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. ह्यांना सांगितलं नाही. नको म्हणतील असं वाटलं, म्हणून खोटं सांगितलं. लग्नानंतरचं पहिलं खोटं. आणि त्याच दुपारी खडा मंद झाला. तुम्ही म्हणालात, घरात कोणी खोटं वागतंय. मला वाटलं, जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं. अजून घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं आणि पकडले गेले होते. नाही गेले मग. पत्र यंत्राच्या खणात आहे अजून."

"पण मोजणीदार... फिरती सोडली ती..."

"ती? त्यांचा गुडघा हो! चढण चढवेना. लाजेनं कोणाला सांगत नाहीत. खुर्चीचं काम आवडतं म्हणतात." ती किंचित हसली. "मी कधी कोणावर संशय घेतला नाही, भाऊ. मी स्वतःवरच नजर ठेवून होते इतकी वर्षं. भाजीला जाते सांगून चार पावलं जास्त गेले, तरी अंगठीची डबी आठवायची."

वाटाणे सोलायचा आवाज थांबला होता.

भिंगोबांनी बावीस वर्षं एक पाप पाठीवर वाहिलं होतं आणि ते पापच चुकीचं निघालं. खरं पाप दुसरं होतं, आणि ते कितीतरी मोठं होतं. गुळगुळीत वाक्य अजून जिभेवर होतं. या घडीला ते म्हणणं किती सोपं होतं! हो ताई, सुटलीस. ती हसत वर गेली असती.

त्यांनी डोळ्यातलं भिंग काढून पाटावर ठेवलं.

"ताई, माझ्या हातून बिघडला तो."

"काय?"

"खडा. झाळताना काढला नाही. टाकणखार लावला. घाई केली आणि चुकलो. तू विचारलंस तेव्हा मला लाज वाटली, म्हणून ती गोष्ट सांगितली. खड्याला काही कळत नाही, ताई. तो दगड आहे. काल घासून आणला, चमकला. तुझं काही नव्हतं त्यात. सगळं माझं होतं."

ताईनं खड्याकडे बघितलं. मग तिनं जे विचारलं ते एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराला विचारावं तसं होतं.

"घासायला किती वेळ लागतो?"

"एक सकाळ."

"एक सकाळ," ती म्हणाली. "माझी गाडीही सकाळचीच होती."

भिंगोबा स्टुलाच्या पायाकडे बघत होते. "ताई, मी सांगायला किती वेळा..."

"सुया मागायला यायचात, त्या यासाठी?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटायचं, भाऊ किती विसराळू आहेत." ती उठली. अंगठी तिनं घेतली नाही. "ही चिमणीला तुम्ही द्यायची. तुमच्या हातानं. आणि खडा कसा बिघडला ते तिला सांगायचं. माझ्या पत्राचं मी सांगेन, मला वाटेल तेव्हा. तुम्ही तुमचं सांगा. आणि एक. रंगवून नाही सांगायचं. राजे नकोत, धर्मगुरू नकोत, आभाळ नको."

ती जिना चढून गेली. शांतपणे, एकेक पायरी.

बायकोनं वाटाण्याचं ताट बाजूला सारलं. भिंगोबांना वाटलं, आता ही तोफ सुटणार. पण ती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं मी बाहेर शोधत होते हो तिला. आणि ही नीलम आपल्याच छतावर बसून पायानं यंत्र मारत होती." मग पदरानं डोळे पुसले, आणि त्या दिवशीचा चहा फिका झाला. भिंगोबांनी मुकाट प्यायला.

संध्याकाळी चिमणी आली. भिंगोबांनी सांगितलं. चार शब्दांचं वाक्य आणि त्याच्यापुढे आणखी दोन-तीन. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची गोष्ट इतकी लहान होती. चिमणीनं अंगठी बोटात घातली, हात लांब धरून बघितला.

"म्हणजे साधी चूक होती?"

"चूक साधी होती. पुढचं साधं नव्हतं."

"आईला सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

"वेळ विचारला," भिंगोबा म्हणाले. चिमणीला काही कळलं नाही. तिनं त्यांच्या खांद्यावर थाप मारली, "मामा, असं होतं हो!" म्हणाली, आणि धाडधाड निघून गेली. एवढ्या स्वस्तात मिळालेली माफी भिंगोबांना घेता येईना. ज्या माणसानं द्यायची होती ते वर होतं, आणि वरून यंत्राचा आवाज येत होता. टकटकटकटक.

लग्न झालं. ताई जिन्यात दिसली की बाजूला होऊन वाट देई. बोलली तर कामापुरतं. भाऊ मात्र म्हणेना. त्या जागी दुसरंही काही म्हणत नसे. "हे जरा बघता का?" एवढंच, जणू समोर माणूस नसून खिडकी आहे. भिंगोबा त्या एका शब्दासाठी कान लावून बसत आणि आपण कान लावून बसलो आहोत याची त्यांना आणखी लाज वाटे.

एके दिवशी एक बाई निळा खडा घेऊन आली. अंगठी सैल करून हवी होती. भिंगोबांनी तिला पलीकडच्या गल्लीत पाठवलं नाही. बाईनं विचारलं, "हा शुभ असतो की अशुभ हो? तुम्हाला बरंच माहीत आहे म्हणतात."

"खडा आहे," ते म्हणाले. "झाळताना काढून ठेवावा लागतो, एवढं माहीत आहे. वेळ लागेल. उद्या या."

कुलूपवाल्यानं हे ऐकलं आणि गल्लीत बातमी फिरवली, की भिंगोबांचे ग्रह उतरले.

त्याच संध्याकाळी बायको वरून एक शर्ट घेऊन आली. लग्नाच्या गडबडीआधी, म्हणजे सगळं उघड होण्याआधी, भिंगोबांनी तो काजं करायला ताईकडे टाकला होता. नंतर मागायचं धाडस झालं नव्हतं. ताईनं घडी घालून पाठवला होता, निरोप काही नाही.

भिंगोबा शर्ट घेऊन पाटावर बसले. दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं. पहिलं काज, दुसरं काज. राग कुठे ना कुठे दिसणार असं त्यांना वाटत होतं. एखादा टाका सुटलेला, एखादा ओढलेला, एखादं काज गुंडीपेक्षा दोराभर लहान. त्यांच्या हातानं तर नुसत्या घाईतही दगड भाजला होता. सातही काजं त्यांनी पुढून बघितली, मग कापड उलटून मागून बघितली. टाक्याला टाका लागून होता. कुठेही एक दोरा वर नव्हता.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली.

"अहो," आतून बायकोनं विचारलं, "काय शोधताय त्या शर्टात?"

भिंगोबांनी दिवा आणखी जवळ ओढला.